ताजं, शिळं आणि टिकाऊ

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचं राजधानीपण गेलं. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला आणि त्याची राजधानी भोपाळ ठरली. मग फायली हलल्या आणि फायलींबरोबर त्या सांभाळणारी माणसंही हलली. नागपूरहून, ग्वाल्हेर-इंदूरहून आलेल्या या कर्मचाऱ्यांमध्ये मराठी घरं पुष्कळ होती. आज टी. टी. नगर म्हणतात त्या तात्या टोपे नगरात सरकारी क्वार्टर उभे राहत होते. त्या घरांमध्ये चुली आणि शेगड्या पेटल्या, तेव्हा शिजवायला काय होतं? सीहोरकडचा गहू, हरभरा, तूर, ज्वारी, हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी आणि इथे ज्याला बथुआ म्हणतात तो आपला चाकवत. विदर्भातून आलेल्या बाईला यातलं काहीच परकं नव्हतं. भाषा बदलली तरी धान्य तेच राहिलं.

या प्रकरणात फक्त वनस्पतींपासून होणाऱ्या, कारखान्यातलं काही न घालता घरीच शिजवलेल्या साध्या जेवणाकडे पाहायचं आहे. त्या घरांनी असा काही नियम केलेला नव्हता. ताक होतं, सणाला तूप होतं. पण रोजच्या ताटाचा कणा डाळ, भाकरी-पोळी आणि भाजी हाच होता. महिनाअखेरीला तर दूधदुभतं आपोआपच मागे पडायचं.

विदर्भाचा गोळाभात घ्या. पाहुण्यांसाठी जितक्या हौसेने होतो, तितक्याच सहज तो अडीअडचणीलाही होतो. हरभऱ्याची डाळ जाडसर दळून आणायची. बेसनाइतकी बारीक नको, बोटांना रवा लागला पाहिजे. या वाटीभर भरड्यात तिखट, हळद, मीठ, हिंग, चिमूटभर ओवा आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन घालायचं. मग गोळा वळेल इतकंच पाणी घालून दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि लिंबाहून लहान गोळे करायचे. दुसरीकडे दोन वाट्या तांदूळ शिजत ठेवायचा. शीत अर्धं शिजलं आणि पाणी अजून वर दिसतंय, अशा वेळी गोळे अलगद भातात ठेवून झाकण घालायचं आणि आच मंद करायची. पंधरा-वीस मिनिटांत भाताच्या वाफेवर गोळे आतपर्यंत शिजतात. पानात गोळा फोडून भातात कालवायचा, वर मोहरी, लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी दिलेलं तेल घ्यायचं आणि बाजूला चिंचेचं सार. भाताच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते हरभऱ्यात भरपूर असतं. हरभऱ्यात मिथिओनिन कमी, ते तांदळात बऱ्यापैकी मिळतं. एकाच भांड्यात दोघांची उणीव भरून निघते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी जी आहार मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत एकूण ऊर्जेपैकी तृणधान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये असं म्हटलं आहे. आपल्या नेहमीच्या ताटात भात-पोळीचा वाटा याच्या कितीतरी पुढे जातो. त्या हिशेबाने गोळाभातात गोळे थोडे जास्त आणि भात थोडा कमी करायला हरकत नाही.

आता या पदार्थात काय नाही ते पाहू. टिकवण्यासाठी घातलेलं काही नाही, कारण तो टिकवायचा नाही. रंग आणि वास सगळीकडे सारखा राहावा म्हणून काही नाही, कारण तो एकाच घरात, एकाच दुपारी खाल्ला जाणार आहे. तेल आणि पाणी महिनोन्‌महिने वेगळं होऊ नये म्हणून काही नाही, कारण ते अर्ध्या तासात पोटात जाणार आहे. अन्नात घातल्या जाणाऱ्या बहुतेक पदार्थांचं काम अंतर आणि काळ ओलांडण्याचं असतं. अन्न शिजलं तिथेच आणि त्याच वेळी खाल्लं, की ओलांडायला काही उरतच नाही. घरच्या जेवणाचं मोठं बळ मला इथे दिसतं. त्यात पावित्र्य आहे किंवा जुनं ते सोनं आहे, असं माझं म्हणणं नाही. ते ताजं आहे, म्हणून त्याला मदतीची गरज कमी पडते.

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात जे आकडे असतात, त्यांना घाबरण्याआधी ते वाचायला शिकावं. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, हा परिरक्षक आहे. ३१९ तेल खवट होऊ देत नाही. ६२७ आणि ६३१ चव वाढवतात. ३२२ म्हणजे लेसिथिन, ते तेल-पाणी एकत्र धरून ठेवतं. पण याच यादीत १०० या आकड्याखाली हळदीतलं कर्क्युमिन आहे, ३३० हे लिंबातलं सायट्रिक आम्ल आहे आणि ३३४ हे चिंचेतलं टार्टारिक आम्ल. पापडात आपण घरी जो पापडखार घालतो, तो मुख्यतः सोडियमचा कार्बोनेट क्षार असतो आणि त्याचा आकडा ५००. तेव्हा नुसत्या आकड्यावरून निकाल देता येत नाही. पाहायचं असतं ते हे, की मूळ धान्यातलं किती उरलं आणि बाकीचं कशासाठी आलं.

साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो यांनी २००९ पासून याच अंगाने अन्नाची विभागणी मांडली. त्यात एका टोकाला साधं धान्य-भाजी येते आणि दुसऱ्या टोकाला अतिप्रक्रियित अन्न, म्हणजे कारखान्यात धान्याचे घटक सुटे करून पुन्हा जुळवलेलं अन्न. या विभागणीवर आक्षेप आहेत, सीमारेषा धूसर आहेत. पण २०१९ साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला प्रयोग दुर्लक्ष करण्यासारखा नाही. वीस निरोगी माणसांना एका ठिकाणी ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियित आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्ही ताटांत साखर, मीठ, चरबी, चोथा यांचं प्रमाण जुळवलेलं होतं आणि हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रियित अन्नाच्या दिवसांत माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचं वजन साधारण किलोभर वाढलं. त्यांना कोणी आग्रह केला नव्हता. मऊ, चटकन गिळता येणारं अन्न पोट भरल्याचा निरोप पोचायच्या आतच संपत असावं. ज्वारीची भाकरी अशी घाईने खाता येत नाही.

भोपाळमध्ये या विषयाचा सर्वांत बोलका पुरावा सोयाबीनचा आहे. माळव्याच्या काळ्या जमिनीत आणि भोपाळच्या आसपास खरिपात मैलोन्‌मैल सोयाबीन दिसतं, पण या भागातल्या किती स्वयंपाकघरांत ते दाण्याच्या रूपात शिजतं? फार थोड्या. शेतातून ते मंडईत जातं आणि मंडईतून कारखान्यात. तिथे हेक्झेन या द्रावकाने तेल काढलं जातं. उरलेली पेंड मुख्यतः जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाते. थोड्या भागाच्या सोयावड्या होतात. तेल शुद्ध करताना निघालेलं लेसिथिन ३२२ हा आकडा लावून बिस्किटात येतं. ज्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन आणि २० टक्के तेल आहे, तो शेतकऱ्याच्या घराशेजारून निघून तुकड्यातुकड्यांत पाकिटातून परत येतो. याचं मला वाईट वाटतं.

बेरसिया रस्त्यावर नबीबाग इथे १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. सोयाबीन माणसांच्या ताटात कसं आणायचं यावर या संस्थेने १९८० च्या दशकापासून चिकाटीने काम केलं. दूध, पनीर, पीठ, खारे दाणे असे पदार्थ लहान प्रमाणावर कसे करायचे, याचं प्रशिक्षण दिलं. सोयाबीन घरात रुळलं नाही याला कारण होतं. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन-रोधक असतात, ते प्रथिनाचं पचन अडवतात. शिवाय दाणा थंड पाण्यात वाटला की त्यातलं लायपॉक्सिजिनेज हे विकर जागं होतं आणि तो उग्र कच्चा वास येतो, ज्याने माणूस पहिल्याच घोटाला तोंड फिरवतो. दोन्हींवर उपाय उष्णता हाच आहे.

घरी करायचं तर एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवावं. सकाळी चोळून सालं काढावीत. ती पाण्यावर तरंगतात, ओतून द्यावीत. दाणे उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकून काढावेत आणि गरम पाणी घालूनच वाटावेत. इथेच वास जातो. वाटण सात-आठ वाट्या पाण्यात घालून उकळावं आणि उकळी आल्यावर पंधरा-वीस मिनिटं ढवळत ठेवावं. हे दूध उतू जायला फार उतावीळ असतं, भांडं मोठं घ्या. मग पंच्यातून गाळून घ्यावं. दुधात थोड्याशा कोमट पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस हळूहळू घातला की ते फाटतं. फडक्यात बांधून वर वजन ठेवलं की अर्ध्या तासात पनीर तयार. बाहेर याला टोफू म्हणतात. त्याची भुर्जी कांदा, हिरवी मिरची आणि हळदीवर फार चांगली होते. गाळून उरलेला चोथा टाकू नये. तो कणकेत मळावा किंवा थालीपिठात घालावा. भिजवणं आणि वजनाखाली ठेवणं सोडलं तर सगळा खटाटोप तासाभराचा आहे. ज्याला तेवढाही वेळ नाही त्याने सालं काढलेले दाणे कुकरमध्ये मऊ शिजवून हरभऱ्यासारखी उसळ करावी.

सोयावड्यांबद्दल विचारतात. त्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिन असतं, त्या स्वस्त आहेत, चांगल्या टिकतात. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. ज्या घरात डाळही मोजून शिजते तिथे त्या उपयोगी आहेत. पण दाणा हाताशी असताना वडी घेणं मला पटत नाही.

सोयाबीनचं हे उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. प्रक्रिया हा शत्रू नाही. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं, भाजणं, दळणं, पाणी काढून टाकणं या सगळ्या प्रक्रियाच आहेत आणि त्यांतल्या काही चुकल्या तर निसर्गाने दिलेलं धान्यही घात करतं. याच प्रदेशाने ते सोसलं आहे. १८२९ ते १८३१ या वर्षांत सागरच्या मुलुखात गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी एकामागून एक पिकं गेली. तगली ती तिवडा म्हणजे लाख, ज्याला विदर्भात लाखोळी म्हणतात. लोक तीच खाऊन जगले. मग तरण्याताठ्या माणसांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात हे नोंदवलं आहे. १९६१ मध्ये अनेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली आणि या दाण्यातला विषारी घटकही पुढे सापडला. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की विषाचा बराच भाग निघून जातो. तरीही ती रोजचं मुख्य अन्न होऊ नये, हा धडा त्या लुळ्या पडलेल्या माणसांनी दिलेला आहे. ‘नैसर्गिक’ एवढ्या एका शब्दावर भरवसा ठेवू नये, तो यासाठी.

कोदोचंही असंच. दिंडोरी आणि मंडलाच्या डोंगरांत बैगा आणि गोंड घरांमध्ये कोदो-कुटकीचा भात होतो, आणि त्याची पातळ पेज उन्हाळ्यात शेतावर नेतात. पेज म्हणजे पाणी आणि अन्न एकत्र. दिंडोरीच्या लहरीबाई या बैगा स्त्रीने आपल्या छोट्या घरात भरड धान्यांची दीडशेहून अधिक वाणं जपली, आणि २०२३ मध्ये देशाला त्यांचं नाव कळलं. हे धान्य भोपाळच्या दुकानांतही आता सहज मिळतं आणि भातासारखंच शिजतं: एक वाटी कोदोला अडीच वाट्या पाणी. पण ओलसर राहिलेल्या कोदोवर बुरशी धरते आणि ती विष तयार करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले, त्याचा संबंध बुरशी धरलेल्या कोदोशी लावला गेला. परिरक्षक नको म्हणणाऱ्याने धान्य कडक वाळवण्याचं आणि कोरडं ठेवण्याचं काम स्वतःच्या अंगावर घेतलेलं असतं. आजीच्या वेळी तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून ती ठेवायचे, ती पद्धत आजही चांगली आहे. तांदळाला बोरिक पावडर चोळतात ती मात्र सोडून द्यावी. तेही बाहेरून घातलेलं रसायनच आहे, आणि त्याचा आकडाही कुठे लिहिलेला नसतो.

गव्हाच्या बाबतीत भोपाळकर भाग्यवान. सीहोरचा शरबती शेजारचाच. दाणा टपोरा, सोनेरी. बरीचशी शेती कमी पाण्यावरची. पोळी दुपारची रात्रीपर्यंत मऊ राहते. पण शरबती घेऊन त्याचं महिन्याचं पीठ एकदम दळून आणलं तर अर्धा फायदा गेला. दाण्याच्या अंकुरात तेल असतं. दळलं की ते हवेला उघडं पडतं आणि हळूहळू खवट होतं. कारखान्यात अंकुर आणि कोंडा काढून टाकलेलं पीठ महिनोन्‌महिने टिकतं, कारण त्यात खवट होण्यासारखं फारसं उरतच नाही. मैदा त्यामुळेच अमर असतो. आठवड्याला पुरेल इतकंच दळण, मे महिन्यात तर त्याहून कमी.

मे महिन्याचा उल्लेख आला म्हणून शिळ्या भाताबद्दल सांगायला हवं. भोपाळचा पारा तेव्हा चाळिशीच्या वर असतो. तांदळावर बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात ओट्यावर तसाच राहिला की ते जागे होतात आणि विष सोडतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. फोडणीचा भात आपल्याला सगळ्यांना प्रिय, मलाही. मग उरलेला भात तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी पूर्ण गरम करून संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला कितीही खमंग फोडणी दिली तरी तो खाऊ नये.

टिकवायचंच असेल तर आपल्याकडे ऊन, मीठ आणि तेल आहे. एप्रिलच्या गच्चीवर मुगाच्या डाळीचे सांडगे दोन दिवसांत खडखडीत वाळतात. पाणी नाही तर जिवाणू नाही, एवढं साधं त्यामागचं शास्त्र. पावसाळ्यात भाजी महागली की मूठभर सांडगे तेलावर परतून रस्सा करावा. लोणच्यात मीठ पाणी ओढून घेतं आणि वरचा तेलाचा थर हवा अडवतो. पण लोणच्याची फोड पानाच्या डाव्या बाजूलाच राहावी. त्यातलं मीठ घरचं असलं म्हणून रक्तदाबाला कळत नाही.

दोन गोष्टी ताटातून सुटतात. पालेभाज्या आणि डाळींत लोह असतं, पण ते शरीर सहज घेत नाही. त्यावर लिंबू पिळलं किंवा बरोबर आवळा खाल्ला की शोषण वाढतं. चहा मात्र जेवणाला चिकटून घेऊ नये, त्याने उलट होतं. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत भरवशाने मिळत नाही. आंबवलेल्या इडलीतही नाही, सोयाबीनच्या दुधातही नाही. दूध-दहीही पूर्ण सोडणाऱ्याने डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, आणि गरोदर बाईने तर यात चालढकल मुळीच करू नये. ही गोळी कारखान्यात होते. तिला नाही म्हणण्याइतकं हे तत्त्व मोठं नाही.

उरतो वेळ. परिरक्षक जे काम करतो, ते घरात कुणाला तरी हाताने करावं लागतं. रोज भिजवायचं, रोज दळण पाहायचं, रोज ताजं शिजवायचं. टी. टी. नगरच्या त्या क्वार्टरांत हे काम बाईने केलं आणि त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आज घरातली दोघंही सकाळी नऊला बाहेर पडतात. अशा घराला ‘आमच्या वेळी’ म्हणून पाकिटाबद्दल दोष देणं अन्यायाचं आहे. कामच वाटून घ्यावं लागतं, आणि या स्वयंपाकातलं बरंचसं काम कुणालाही जमण्यासारखं आहे. रात्री झोपण्याआधी मटकी किंवा हरभरा भिजत घालणं हे दोन मिनिटांचं काम. बिट्टन मार्केटच्या हाटातून भाजी आणणारा माणूस ती निवडून, पुसून कापडात गुंडाळूनही ठेवू शकतो. कुकरमध्ये खाली डाळ आणि वर भात एकाच वेळी लागतो. तेवढ्यात दुसरं कुणी वांगं भाजून सोलतं आणि इथे बाटीबरोबर खातात तसं भरीत कालवून ठेवतं. आणि सोयाबीनची सालं काढायला मुलांना बसवावं. भिजलेला दाणा दोन तळव्यांत चोळला की साल सुटतं, आणि हे काम पाण्यातलं असल्यामुळे मुलं ते आपण सांगण्याआधीच हातात घेतात.